सरांचा सपत्नीक सत्कार

१६ जुलै २०१८, सोमवार

ही वही मराठीत लिहायची असं ठरवलं आहे. अम्मीला फक्त उर्दू वाचता येतं. अब्बांना मराठी येते, पण गादीच्या दुकानातून आले की ते पेपरसुद्धा डोळ्यांवर घेऊन झोपतात. त्यामुळे इथे मला कोणाबद्दल काहीही लिहायला मोकळं रान आहे.

आज आमचे मुख्याध्यापक भगवंतराव सर यांनी मला ऑफिसात बोलावून सत्कार समितीची प्रमुख केलं. सत्कार नितेश सरांचा. जानेवारीत अमरावतीच्या रोबो स्पर्धेत आमच्या शाळेचा विभागात दुसरा नंबर आला होता, म्हणून. नंबर जानेवारीत आला आणि सत्कार जुलैत सुचला, म्हणजे आमच्या शाळेच्या मानाने लवकरच म्हणायचं.

नितेश सर विज्ञान शिकवतात आणि शाळा सुटल्यावर रोबोची टीम चालवतात. टीमची कॅप्टन मी, तुबा, नववी ब. आमचा रोबो बिघडला की सर कधीच सांगत नाहीत काय बिघडलं ते. "पहिले उघडून पाह्य," म्हणतात आणि पाणी प्यायला जातात. पाण्याची टाकी प्रयोगशाळेच्या दाराशीच आहे, तरी त्यांना यायला अर्धा तास लागतो. तोवर आम्ही भांडतो, उघडतो, आणखी बिघडवतो आणि मग कधीकधी दुरुस्तही करतो.

मुलीने शाळा सुटल्यावर थांबायचं नाही असं अब्बांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं. सर अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या दुकानात येऊन एक अख्खी संध्याकाळ बसले. रोबोचं नावही काढलं नाही. कोणत्या कापसाची गादी लवकर बसते आणि कोणत्या कापसाची फुगलेली राहते, यावरच दोघं बोलत होते. उठताना अब्बा आपणहून म्हणाले, थांबू दे पोरीला, पण घरापर्यंत सोडा. तेव्हापासून सर मला आणि माझा चुलतभाऊ फरदीन याला रोज मोर्णा नदीचा पूल ओलांडून दारापर्यंत सोडतात. फरदीनला कोणी सोडायची गरज नाही, पण तो सोडवून घेतो.

१८ जुलै, बुधवार

आज शिपाई डोमाजी यांनी सांगितलं की नितेश सर जाणार.

प्रकरण असं आहे. तीस सप्टेंबरला शाळेचा पट धरतात. पट कमी भरला की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि वरचे साहेब त्याला जिल्ह्यात कुठेही पाठवतात. गेल्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्यानंतर खेड्यांतली बरीच घरं कुलूप लावून पुण्याला नाहीतर सुरतेला कामाला गेली. सोबत पोरंही गेली. आमचा पट आठ पोरांनी कमी आहे, आणि सगळ्यात नवे शिक्षक नितेश सर.

उन्हाळ्यात बाकीचे सगळे मास्तर पोरं गोळा करत खेड्यापाड्यांत फिरले. घरोघर चहा प्यायचा, सायकल देतो, दप्तर देतो म्हणायचं आणि दाखला घेऊन यायचं, ही आमच्याकडची पद्धतच आहे. सर तेव्हा प्रयोगशाळेत आमच्यासोबत चाकं बदलत होते. म्हणजे एका अर्थी आम्हीच त्यांना घालवलं.

भगवंतराव सरांचं म्हणणं, सत्कार सप्टेंबरात ठेवू आणि त्यातच निरोपही उरकू, एकाच शालीत दोन्ही होतील. मी बाहेर येऊन फरदीनला सांगितलं की शाल सत्काराचीच पडणार, पोरं आपण आणायची. आणि सरांना कळू द्यायचं नाही, नाहीतर ते शालीआधीच पळतील.

२२ जुलै, रविवार

पहिली मोहीम. फरदीनच्या मामूची मालवाहू रिक्षा घेऊन बाळापूर रोडवरच्या एका गावात गेलो. ढेकळ्याला गोणपाटात गुंडाळून नेलं.

ढेकळ्या म्हणजे आमचा रोबो. तो कापूस वेचतो, म्हणजे पांढरं दिसलं की चिमटा पुढे करतो. चालता चालता मध्येच ढेकळासारखा बसून राहतो, म्हणून हे नाव. या दिवसांत शेतात बोंड कुठलं, म्हणून अब्बांच्या दुकानातला कापूस तुराट्यांना बांधला आणि पारावर शेत उभं केलं. गर्दी चांगली जमली. ढेकळ्याने दोन बोंडं वेचली, टोपलीत टाकली, आणि मग वळून पहिल्या रांगेत बसलेल्या पुंजाराम आजोबांची गांधी टोपी उचलली आणि तीही टोपलीत टाकली. सगळा पार हसून लोळला. फरदीन मागच्या मागे रिक्षात जाऊन बसला, मामूंनी इंजिन चालू केलं.

आजोबांनी डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाले, "टोपी घेतली तं घेतली, आता नातूबी घेऊन जा."

पहिला विद्यार्थी असा मिळाला. आठवी.

५ ऑगस्ट, रविवार

आज बाळापूरजवळच्या गावात गेलो. दुपारी बाळापुरात नानीकडे जेवलो. नानीचं, म्हणजे बिस्मिल्लाबीचं म्हणणं की पोरं गोळा करण्यापेक्षा मी शिवण शिकावं. मी दोन रोट्या जास्त खाल्ल्या, ती विषय विसरली.

संध्याकाळी शत्रू भेटला. बाळापूरच्या एका शाळेतल्या मॅडम आपल्या वर्गातल्या पोराच्या घरी आल्या होत्या. ते पोरगं नेमकं आमच्या रिक्षात ढेकळ्याचा चिमटा दाबत बसलेलं. मॅडमची साडी लालभडक आणि आवाज त्याहून तिखट. मी त्यांचं नाव लालमिरची ठेवलं आहे.

कोणत्या शाळेचे, म्हणून विचारलं. मी छाती काढून शाळेचं नाव सांगितलं. त्या मग ढेकळ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. कोणासाठी करता हे, असं विचारलं, तर मी सरांचं सगळं सांगून टाकलं. एवढं सांगायला नको होतं, पण सरांचा विषय निघाला की मला थांबता येत नाही.

"त्याले माहीत हाय हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"आज रविवार. तुमी इथं, मंग तो कुठं?"

प्रयोगशाळेत, म्हटलं. त्या म्हणाल्या, हाव, तिथंच असन, आणि छत्री उघडून निघून गेल्या. पाऊस नव्हता.

आमच्या सरांना 'तो' म्हणते! शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाबद्दल असं बोलावं? त्यांच्या वर्गातली दोन पोरं मी मुद्दाम त्याच संध्याकाळी पक्की केली.

११ ऑगस्ट, शनिवार

सर हल्ली उदास असतात. दुपारचा डबा चार वाजता उघडला, एक घास खाल्ला आणि झाकण लावलं. फरदीनने विचारलं तर म्हणाले, घरी आजकाल भाजीत मीठच पडत नाही, लक्ष नसतं तिचं. सरांच्या बायकोला आम्ही कधी पाहिलेलं नाही. त्याही कुठेतरी नोकरी करतात, पहाटेच्या एसटीने जातात म्हणे. त्यांना एकदा अम्मीकडे पाठवलं पाहिजे.

नवीन आलेली पोरं भगवंतराव सरांनी आणली असं सरांना वाटतं. भगवंतराव सरांनाही आता तसंच वाटायला लागलं आहे.

१९ ऑगस्ट, रविवार

पट भरला! आठ हवी होती, अकरा झाली. तीन जास्त, म्हणजे कोणी आजारी पडलं, कोणी पळालं तरी चालेल.

शेवटच्या पोराचा बाप काही केल्या ऐकेना. अकोला लांब पडते, म्हणायचा. तेवढ्यात लालमिरची मॅडम आल्या. मला वाटलं, आता सगळं बोंबललं. पण त्या ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं आणि त्या बापाला म्हणाल्या, "पाठवा तिकडं. तिथले मास्तर पोराईसाठी जीव टाकते."

शत्रूच्या तोंडून असलं! मग त्या माझ्याकडे वळल्या. सर दुपारी डबा वेळेवर खातात का, विचारलं. मी म्हटलं, चार वाजता. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पदराने कपाळ पुसलं. माणूस हरलं की असं काहीतरी बोलत असेल. मला त्यांची थोडी दया आली, पण फार नाही.

४ सप्टेंबर, मंगळवार

सत्कार शनिवारी. निरोप रद्द, हे भगवंतराव सरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. पत्रिकेवर मी ठळक छापून घेतलं: 'सपत्नीक सत्कार'. आमच्याकडे एकट्या पुरुषाला शाल देऊन मोकळं होत नाहीत. शेजारी बायकोला बसवतात, तिची ओटी भरतात, मग फोटो.

सर तयारच नव्हते. मागे एकदा त्यांचा सत्कार ठरला होता तर हे प्रयोगशाळेला आतून कडी लावून बसले होते. आता म्हणतात, बायको यायची नाही, तिच्या शाळेत गडबड आहे, तिचं मन ठिकाणावर नाही. मी म्हटलं, सर, गडबड कोणत्या शाळेत नाही? तुम्ही नुसतं आणा, बाकी मी बघते.

८ सप्टेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

सभागृह भरलं होतं. अब्बा पहिल्यांदा शाळेत आले होते, नवा सदरा घालून. टीमच्या हातात ताटं. माझ्याकडे ओटीचं ताट, तांदूळ, नारळ, खण. भगवंतराव सरांनी माईकवर पुकारलं की आता सौभाग्यवती रागिणीताईंनी मंचावर यावं. बायकांच्या रांगेतून एक बाई उठल्या. साडी आज पिवळी होती. चाल तीच.

लालमिरची.

नारळ ताटातून घरंगळला आणि भगवंतराव सरांच्या बुटावर पडला. फरदीन माझ्या मागे काहीतरी पुटपुटत होता, तो बहुतेक कलमा होता. मॅडम माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "सरळ उभी राय. पोरं पळवतानी नाई थरथरली."

ओटी भरली. शाल पडली. टाळ्या थांबेनात. मग सर सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले, आणि मला वाटलं जमीन फाटावी. सर म्हणाले की हा सत्कार अर्धा माझ्या बायकोचा आहे, कारण तिने माझी उशिराची भाकर सहा वर्षं गरम केली. इथवर ठीक होतं. पुढे म्हणाले, "आज ती इथं आली, पण मनातून दुखी हाय. तिच्या शाळेतले पोरं यंदा कोण्यातरी शाळेनं पळवले. तिचा पट खचला, तिचं पद जाऊन राहिलं. कोण हायत ते लोक, मले एकदा पाहाचं हाय."

ते लोक ताटं धरून त्यांच्या मागे एका रांगेत उभे होते.

मॅडमनी त्यांची बाही ओढली आणि खाली बसवलं. लोकांना वाटलं, सर भावुक झाले. आणखी टाळ्या. ढेकळ्याने ठरल्याप्रमाणे गुलाबाचं फूल द्यायचं होतं, त्याने मॅडमच्या केसांतला मोगऱ्याचा गजरा उचलला. त्यावर सर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

९ सप्टेंबर, रविवार

सर प्रयोगशाळेत असतील हे पाहून मी आणि फरदीन त्यांच्या घरी गेलो. मॅडम शेंगा निवडत होत्या. फरदीनने दारातच माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी त्याच्यापुढे शेंगांची परात सरकवली आणि निवडायला लावलं.

मी विचारलं, तुम्ही आम्हाला थांबवलं काहून नाही? पहिल्याच दिवशी एक शब्द बोलल्या असत्या तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो.

त्यांनी हातातली शेंग परातीत टाकली. मग म्हणाल्या, "दोघांतलं एक जाणारच होतं पोरी. मी भूगोल शिकवतो. नद्या, डोंगर कुठंबी गेलं तरी तेच हायत. त्याचं तसं नाई. त्याले तुमी लागता. तुमच्याबिगर तो नुसता घरी बसून पंखे उघडन."

मी रडले. फरदीनही रडला, पण तो म्हणतो शेंगांची धूळ होती.

सरांना सांगशील तर पाय मोडीन, अशी त्यांनी ताकीद दिली. मी सांगणार नाही म्हणून वचन दिलं. किती पोरं कमी पडतात, एवढं फक्त विचारलं. तीन, म्हणाल्या.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

तीन जास्त इथे, तीन कमी तिथे. हिशेब सोपा आहे, पण पोरं परत जायला तयार नाहीत. पुंजाराम आजोबांचा नातू तर म्हणतो, मला ढेकळ्यासाठी आणलं, आता ढेकळ्याशिवाय मी हलणार नाही. त्याचं चूक नाही. हे सगळं मीच त्यांच्या डोक्यात भरलं.

मी तीन दिवस कोणाशी धड बोलले नाही. मला राग कोणाचा येतो तेही कळत नाही. सर राहावेत म्हणून सगळं केलं, आणि आता जे सुचतं आहे त्यात सर राहतील, पण मला ते मिळणार नाहीत. मला हे अजिबात नको आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी फार शहाणी झाले तरी खोटं बोलता येणार नाही.

१९ सप्टेंबर, बुधवार

अब्बांना विचारलं. नानीकडे राहून बाळापूरच्या शाळेत जाते, म्हटलं. अम्मीने आधी माझं कपाळ चाचपलं. नानी फोनवर म्हणाली, भेज दो, शिवणपण शिकवते. अब्बांनी एकच विचारलं, तुझ्या सरांचं यात भलं आहे का? मी हो म्हटलं.

मग मी बाळापूरजवळच्या दोन पोरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, मी तिकडे नवा रोबो करणार आहे, ढेकळ्यापेक्षा मोठा, आणि पहिला चिमटा तुम्हीच लावायचा. दोघं लगेच तयार. फरदीनही येतो म्हणाला, पण मग ढेकळ्याकडे कोण पाहणार? त्याला इथली कॅप्टनकी दिली. त्याने ती फार जड चेहऱ्याने घेतली आणि संध्याकाळपर्यंत तीन जणांना हुकूम सोडले.

दाखला मागायला गेले तर भगवंतराव सर खुर्चीतून उठले. "तू आपल्याच शाळेतले पोरं फोडून राहिली?"

हाव सर, म्हटलं. शिकले इथंच.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सरांना कळलं. दाखल्यावरून कळलं, मी सांगितलं नाही, वचन मोडलं नाही. दाखल्यावर बाळापूरच्या शाळेचं नाव वाचून ते प्रयोगशाळेत स्टुलावर बसले. ढेकळ्या टेबलावर उघडा पडलेला. मला वाटलं आता ओरडतील. मला ओरडा हवाही होता.

ते म्हणाले, "तूच होती तर."

मी मान हलवली. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पाणी प्यायला मात्र गेले नाहीत. मग वळून म्हणाले, "जानेवारीत अमरावतीले ये. तुह्या टीमले मी सोडणार नाई, ध्यानात ठेव. कॅप्टन म्हणून सूट भेटणार नाई."

मी म्हटलं, सर, तुम्हीच सांभाळून राहा. त्यांनी पूल ओलांडून दारापर्यंत नेहमीसारखं सोडलं. अब्बांना पाहून हात केला आणि न बसता गेले.

१ ऑक्टोबर, सोमवार

पट धरला गेला. सर अकोल्यात राहिले, मॅडम इथे बाळापुरात राहिल्या. डोमाजींनी स्वतः फरदीनच्या फोनवरून कळवलं.

इथे प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आहे, त्यात तुटके बाक आणि एक हाडांचा सांगाडा, त्याला एक हात नाही. नानीचं जुनं शिलाई मशीन मी मोटर लावण्यासाठी मागितलं आहे, ती विचार करते म्हणाली, म्हणजे देणार.

शाळा सुटल्यावर रागिणी मॅडम आल्या. पदर खोचला, स्टूल ओढलं. म्हणाल्या, रोबोतलं मला ओ की ठो कळत नाही, पण मी मार्गदर्शक शिक्षक म्हणून नाव दिलं आहे. काय करायचं ते सांग.

मी विचारलं, सर घरी टीमबद्दल बोलतात का?

बोलते म्हणजे, म्हणाल्या, रात्रंदिवस दुसरं काही नाही.

"यंदा ढेकळ्याले कोणती मोटर लावून राहिले, सांगितलं का त्याईनं?" मी विचारलं.

मॅडम मग उठून गेल्या, खोलीचं दार लोटून कडी लावली, आणि स्टुलावर बसून हळू आवाजात सांगायला लागल्या.